भंगाराचा भाव

पोशेऱ्यात आमच्या पडवीबाहेर बाबांची छंदाची भट्टी होती. विटा, कोळसा आणि हाताने फिरवायचा भाता. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. फुटके टोप, जुने पिस्टन वितळवून बाबा वाळूच्या साच्यात मुठी, कप्प्या ओतायचे. लोखंड त्या भट्टीत वितळत नसे. भंगारातली लोखंडी हत्यारं ते घासून, धार लावून कामाला लावत.

एकदा दिवाळीनंतर, बायकापोरांसह वीटभट्टीवर निघालेला शेजारी वाकस घेऊन आला. "भंगाराच्या भावानं घ्या, दादा."

मी लगेच तराजू काढला. भाव त्यानंच सांगितला, मग त्यात अन्याय कसला?

बाबांनी वाकस हातात फिरवला. दांडा धरायच्या जागी झिजून गुळगुळीत झाला होता. "मोडतं ते भंगार, पोरा. हा माणूस अडलाय."

त्यांनी पैसे दिले आणि वाकस खुंटीला टांगला. मृगाआधी शेजारी परतला, तेव्हा धार लावून परत केला. पैसे हळूहळू फिटले.

आज मीही जुन्या बाजारात हत्यारं शोधतो. स्वस्तात मिळालं की आनंद होतोच. पण दांडा गुळगुळीत लागला की हात थांबतो: हे मोडलंय, की कुणी अडलंय?