उत्तर कोणत्या भाषेत?

राजभाषेचा वाद पेटला की बोलणं होतं ते मानापमानाचं; कारभाराचा विषय निघतच नाही. गोव्यात नेमकं हेच झालं. १९८७च्या फेब्रुवारीत तिथल्या विधानसभेने राजभाषा कायदा केला. देवनागरीतली कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामासाठी मराठीचीही सोय ठेवली गेली. त्याआधीच्या आंदोलनात माणसांचे जीव गेले होते. रोमी लिपी बाहेर राहिल्याची खंत त्या लिपीत तियात्र (कोकणी नाटकं) लिहिणाऱ्यांना आजही आहे. घरात कोकणी बोलून वर्तमानपत्र मराठी वाचणाऱ्यांना मराठीचं दुय्यम स्थान सलतं. तिघांच्या या भांडणात कचेरीतलं इंग्रजीचं बस्तान मात्र हललं नाही.

वडिलोपार्जित घराच्या वाटणीचंच घ्या. १९६१पूर्वीचे, पोर्तुगीज राजवटीतले दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये. वारसांनी भाषांतरकार शोधायचा, त्याचे पैसे भरायचे. पुढचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत. म्हणजे पुन्हा कोणाकडून तरी वाचून घेणं आलं. सत्ता बदलली, समजून घेण्याचा खर्च नागरिकाच्याच माथी राहिला. हा खर्च सरकारने उचलायचा की नागरिकाने, राजभाषा ठरवताना खरा निर्णय हाच असतो.

राज्यघटनेचं ३५०वं कलम इथे अर्ध्या वाटेवर थांबतं. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क ते देतं. उत्तर कोणत्या भाषेत मिळेल, याबद्दल काही सांगत नाही.

सगळा कारभार चार भाषांत चालवणं परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तशी गरजही नाही. फाइलीवरचे शेरे एकाच भाषेत असले तरी बिघडत नाही. नागरिकाच्या हाती पडणारी नोटीस, दाखला, अर्ज फेटाळल्याचं कारण, एवढं तरी त्याला कळेल अशा भाषेत हवं. अपिलाची मुदत कागद हाती पडल्यापासून मोजली जाते, तो समजल्यापासून नव्हे.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. १९६४च्या अधिनियमाने महाराष्ट्रात मराठी राजभाषा झाली, याचा आपल्याला अभिमान आहे. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या म्हातारीला किंवा भामरागडच्या माडिया शेतकऱ्याला मात्र आपली शुद्ध शासकीय मराठी इंग्रजीइतकीच परकी वाटू शकते. गोव्यात मराठीतून उत्तर मागताना या दोघांना त्यांच्या भाषेत उत्तर द्यायची तयारी आपण ठेवली पाहिजे. नाहीतर आपली मागणीही फक्त मानाचीच ठरेल.