पिंपळाखालचा कैदी

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवलेला महिना. या महिन्यात आमच्या चर्चमध्ये वेदीजवळ एक लाकडी पेटी ठेवली जाते. घराघरांतील मंडळी आपल्या दिवंगतांची नावे चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकतात, आणि महिनाभर मिस्सेच्या वेळी ती नावे वाचली जातात. आजी, आजोबा, तान्हेपणीच गेलेले मूल, खाणीत गेलेला भाऊ. या चिठ्ठ्यांतून एका धर्मग्रामाचा जेवढा इतिहास वाचायला मिळतो तेवढा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतूनही मिळत नसावा.

काही वर्षांपूर्वी त्या पेटीत आम्हांला एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर एकच नाव होते : बाबूराव पुलेश्वर शेडमाके. खाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, पण अक्षर आमच्या ओळखीचे होते. आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण गोंड शिक्षकाचे ते होते. त्या रविवारी ते नाव आम्ही वाचले नाही. चिठ्ठी घडी करून प्रार्थनाग्रंथात ठेवली. मिस्सा संपल्यावर तो तरुण आमच्याकडे आला. रागावलेला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "फादर, नाव ख्रिस्ती नाही म्हणून राहिलं, की फाशी गेलेल्याचं म्हणून?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते आता आठवतही नाही, यावरून ते कसे असेल हे वाचकांनी ओळखावे. प्रश्न मात्र राहिला. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला बाबूरावांचे चरित्र पुन्हा वाचावे लागले, आणि त्या चरित्रात नुसता वीर नव्हे, एक कैदी भेटला.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वाचकांना बाबूरावांची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. १२ मार्च १८३३ रोजी, आज अहेरी तालुक्यात असलेल्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. नागपूरचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि त्याबरोबर चांदाही त्यांच्या हाती गेला. १८५७ च्या वणव्याची धग या अरण्यात पोहोचली तेव्हा बाबूराव चोवीस वर्षांचे होते. त्यांनी गोंड तरुणांची आणि रोहिल्यांची फौज उभी केली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. आडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. पुढचे दोन-तीन महिने चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन या दोघांच्या मागावर रानोमाळ फिरत होता.

त्याच वर्षी २९ एप्रिलच्या सुमारास प्राणहितेच्या काठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या माणसांची छावणी होती. तिच्यावर बंडवाल्यांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा त्यांचा तिसरा सोबती जीव वाचवून निसटला. या घटनेनंतर क्रायटनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. त्यांच्या माणसांनी बाबूरावांना एकदा पकडले, तेव्हा ते निसटले. १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पुन्हा हाती लागले आणि चांद्यास पाठवण्यात आले. खटला झाला. २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कैदेचे दिवस मोजले तर तेहतीस भरतात. वयाची वर्षे पंचवीस.

तुरुंगाच्या आवारातील पिंपळाखाली दरवर्षी त्या तारखेला लोक जमतात, फुले वाहतात. भारत सरकारने २००९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही काढले. लोककथा तर असे सांगते की, बाबूरावांनी ताडवा खाल्लेला असल्याने फासाचा दोर पुनःपुन्हा तुटत राहिला. या कथेला हसणारे शिकलेले लोक आम्हांला ठाऊक आहेत. आम्हांला हसू येत नाही. आपला माणूस इतक्या सहजासहजी मेला हे ज्या समाजाला मान्य करवत नाही, तो समाज असेच बोलतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाबूराव कोण होते, युद्धकैदी की गुन्हेगार? प्रश्न शब्दांचा वाटतो, पण या शब्दांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. शत्रूचा सैनिक पकडला तर त्याला कोंडून ठेवायचे आणि युद्ध संपले की घरी पाठवायचे. बंडखोर पकडला तर त्याला फासावर चढवायचे. दोघांच्या हातांत तीच तलवार असते. फरक ठरवतो तो पकडणारा.

गुरुविद्यालयात आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची न्याय्य युद्धाची तीन लक्षणे पाठ केली होती : युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कारण न्याय्य हवे, हेतू शुद्ध हवा. परीक्षेत ही तीन वाक्ये लिहिली की गुण मिळत. पण चार वर्षांपूर्वी राज्य खालसा करून आलेल्या सत्तेच्या मुलखात 'अधिकार' कोणाचा, हा प्रश्न आम्हांला परीक्षेत कोणी विचारला नाही. इंग्रजांच्या कागदांत बाबूराव बंडखोर आहेत. मोलमपल्लीच्या माणसाला मात्र बंडखोर कोण असे विचारले असते, तर त्याने कदाचित क्रायटनकडे बोट दाखवले असते.

पुढे जगाचा कायदाही याच वळणाने गेला, पण फार उशिरा. बाबूरावांच्या फाशीनंतर आठ महिन्यांनी, २४ जून १८५९ रोजी, इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. तेथील जखमींचे हाल पाहून आँरी द्यूनाँ नावाचा एक स्विस व्यापारी व्यथित झाला. त्याच्या खटपटीतून रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. तो जखमी सैनिकांपुरता होता. युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र जिनिव्हा करार व्हायला १९२९ साल उजाडावे लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये तो नव्याने लिहावा लागला. वसाहतवादी सत्तेविरुद्ध लढणाऱ्यालाही युद्धकैद्याचा दर्जा मिळू शकतो, असे म्हणणारा पूरक करार १९७७ चा. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. मोलमपल्लीच्या कैद्याला हे संरक्षण शब्दात मिळायला एकशे एकोणीस वर्षे लागली, असे म्हणता येईल.

आणखी एक तारीख आम्हांला फार अस्वस्थ करते. १ नोव्हेंबर १८५८, म्हणजे आपल्या सकल संतांच्या सणाच्या दिवशी, अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. शस्त्र खाली ठेवणाऱ्या बंडवाल्यांना त्यात माफी होती. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांना ती नव्हती, तेव्हा चिंचगुडीमुळे बाबूरावांना तिचा लाभ झालाच असता असे नाही. तरीही फाशी आणि माफी यांच्यात केवळ अकरा दिवसांचे अंतर होते. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. ते १८६० मध्ये पकडले गेले, आणि त्यांना फाशी नव्हे, जन्मठेप झाली. दोघे सोबती एकाच बंडातले. त्यांच्यात फरक पडला तो न्यायाने की राज्यकर्त्यांचा राग निवल्यामुळे? ज्याची सजा न्यायाधीशाच्या रागाच्या तापमानावर ठरते, त्याला मिळालेल्या गोष्टीस न्याय म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील देहदंडाचा परिच्छेद बदलून ती शिक्षा अस्वीकार्य ठरवली, तेव्हा पुष्कळांना तो बदल अवघड गेला. आम्हांला प्रथम आठवला तो चांद्याचा पिंपळ.

इथवर तो शिक्षक आणि आम्ही एकमताने आलो असतो. इथून पुढे मात्र वाट अवघड होते.

गार्टलँड आणि हॉल यांचे काय? ते सैनिक नव्हते, तारा ओढणारे नोकर होते. तार हे त्या काळचे युद्धसाधन होते हे खरे. तारेने इंग्रजांचे राज्य वाचवले असे इतिहासकार म्हणतात. पण तार ओढणारा माणूस म्हणजे तार नव्हे. बाबूरावांच्या स्मरणाच्या कार्यक्रमांत चिंचगुडीचा उल्लेख आला की तो पराक्रम म्हणून येतो, मेलेल्या माणसांच्या अंगाने कधी येत नाही. हातात शस्त्र नसलेल्या बाबूरावांना मारणे चूक होते, असे आम्ही म्हणतो ते कोणत्या आधारावर? माणूस निःशस्त्र झाला की तो शत्रू राहत नाही, या आधारावर. मग तोच आधार प्राणहितेच्या काठी लागू होत नाही का? एकदा हा प्रश्न आम्ही एका सभेत विचारला, तेव्हा श्रोत्यांत चुळबुळ झाली. वक्त्यांच्या यादीत आमचे नाव पुढच्या वर्षी नव्हते. असो.

आणि लक्ष्मीबाई? आपल्या लोकांत कोणी कोणाला पकडून दिले की यहूदाचे नाव ओठांवर येतेच. लक्ष्मीबाईंना व्यंकटरावांच्या जप्त जमीनदारीतील सदुसष्ट गावे बक्षीस मिळाली, म्हणून तीस नाण्यांशी तुलना करायला सोपे जाते. आम्हीही ती एका प्रवचनात केली आहे. आता करणार नाही. यहूदाला कोणी धमकावल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. तो स्वतःच्या पायांनी मुख्य याजकांकडे गेला. लक्ष्मीबाईंच्या दारात सत्ता उभी होती, आणि त्यांच्या मागे अहेरीची रयत होती. लोभ नव्हता असे आम्ही म्हणत नाही. भय आणि लोभ यांची सरमिसळ कोणत्या प्रमाणात होती ते एक परमेश्वर जाणे.

हे आम्ही उगाच सांगत नाही. गडचिरोलीच्या जंगलात १९८० नंतरच्या दशकांत लोकांनी काय भोगले ते येथील कुटुंबांना सांगावे लागत नाही. रात्री बंदूकवाले जेवण मागायचे, सकाळी दुसरे बंदूकवाले त्याचा जाब विचारायचे. 'खबऱ्या' हा एक शब्द माणसाला रात्रीतून घराबाहेर ओढून न्यायला पुरेसा होता. ज्यांनी नाव सांगितले त्यांना आपण काय म्हणणार? ज्यांनी सांगितले नाही आणि मार खाल्ला, त्यांना काय म्हणणार? आज शरण आलेले तरुण-तरुणी गावी परतू लागले आहेत. त्यांच्या पुनर्वसनाची योजना राज्य सरकारने २००५ साली आणली. पैसा, घर, काम यांची तरतूद योजनेत असू शकते. पण विहिरीवर त्या मुलीशी कोण बोलणार, याची तरतूद कोणत्याही योजनेत नसते. तिने ज्याच्या घरावर संकट आणले असेल, त्याची विधवाही त्याच विहिरीवर येते.

नाताळच्या आधी आम्ही कैद्यांच्या भेटीला जातो. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू काय विचारणार आहे हे मत्तयाच्या शुभवर्तमानाने सांगूनच ठेवले आहे, आणि त्या प्रश्नांत बंदिवानाची भेट आहे. एक गोष्ट मात्र आम्हांला फार वर्षांनी लक्षात आली. बंदिवान निर्दोष असावा, अशी अट प्रभूने तिथे घातलेली नाही. तो आपल्या बाजूचा असावा, अशीही नाही.

त्या शिक्षकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते की, नाव ख्रिस्ती नाही म्हणून ते राहिले नव्हते. सर्व मृतांना प्रभूच्या करुणेवर सोपवण्याची प्रार्थना आपण प्रत्येक मिस्सेत करतो, तिथे कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला विचारला जात नाही. ते नाव राहिले होते आमच्या भित्रेपणामुळे. कोणी काय म्हणेल, याचा आम्ही विचार केला होता. हे त्याला सांगायला आम्हांला पुढचा नोव्हेंबर लागला.

तेव्हा तो आमच्या व्हरांड्यात बसला होता. जुनी चिठ्ठी आम्ही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "हे नाव मी वाचतो. पण याच्याबरोबर आणखी तीन नावं वाचावीत असं मला वाटतं. तुला चालेल का?" कोणती तीन, ते त्याला विचारावे लागले नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. अंगणात मोहाची वाळलेली पाने पडत होती. मग त्याने खिशातून पेन काढले, चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गार्टलँड, हॉल अशी दोन नावे लिहिली. तिसऱ्या नावापाशी त्याचा हात थांबला.

"हे तुम्ही लिहा, फादर," तो म्हणाला, आणि पेन आमच्या हातात दिले.