पानावरील अळी आणि आपला हात

वर्धा जिल्ह्यांत पावसाळा सरला म्हणजे विहिरीजवळचे वाफे मेथी, पालक, सांभार व पत्ताकोबी यांनीं हिरवे होतात, आणि मग त्यांवर अळ्या पडतात. कोबी पोखरणारी अळी एका लहान करड्या पतंगाची असते. कढीलिंबावरची अळी काळ्यापिवळ्या सुंदर फुलपांखराची असते. ज्या फुलपांखरामागें मुलें आनंदानें धांवतात, त्याचेंच पिलूं आपण चिरडावें काय? वाचकहो, हा प्रश्न पोरकट नाहीं.

वर्ध्याजवळच्या शेगांवीं 1936 सालीं गांधीजी राहावयास आले. 1940 पासून त्या गांवास सेवाग्राम म्हणूं लागले. 1946 सालीं 'हरिजन' पत्रांत त्यांनीं लिहिलें त्याचा आशय असा कीं, शेती करणारास पीक खाणारीं माकडें, पांखरें व किडे मारावेच लागतील. स्वतः न मारतां दुसऱ्याकडून मारविलें, तरी दोहोंत फारसा भेद नाहीं. अहिंसेच्या उपासकाची ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. बाजारची भाजी खाऊन "आम्ही कोणाचा जीव घेत नाहीं" असें म्हणणारासाठीं तें काम बहुधा दुसऱ्या कोणीं तरी केलेलें असतें.

तेव्हां मारावें कीं न मारावें एवढाच प्रश्न उरत नाहीं; किती, कसें आणि कोणाच्या हातानें, हेंही विचारलें पाहिजे. बाटलींतील विषास डोळे नसतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत 2017 सालीं कपाशीवर विषारी औषधें फवारतांना बाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पीक वांचावें आणि माणूस जावा, हा कोणता हिशेब?

हातास मात्र डोळ्यांची सोबत असते. प्रथम वाफ्यावर बारीक जाळी ताणावी. पालेभाजी आपण पानांसाठीं लावितों, म्हणून फुलांवर माशा न आल्यानें तिचें कांहीं अडत नाहीं. कोबीच्या ओळींमध्यें मोहरी पेरावी, म्हणजे पतंग तिकडे ओढले जातात. रोज सकाळीं पानें उलटून अंडीं पुसावीं व अळ्या वेचाव्या. जिच्या अंगाला इवले कोश चिकटलेले दिसतील, ती अळी तशीच राहूं द्यावी. त्या कोशांतून निघणाऱ्या बारीक माशा इतर अळ्यांचा नाश करितात. एवढ्यानें न भागल्यास निंबोळीच्या मगजाची 50 ग्रॅम पूड 1 लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, गाळावी आणि थोडें साबणाचें पाणी मिसळून सायंकाळीं शिंपडावी. तिनें अळीचें खाणें सुटतें.

या कामास वेळ लागतो, हें खरें. परंतु जो स्वतः वेचतो त्यास आपण किती जीव घेतले हें ठाऊक असतें, आणि ज्यास तें ठाऊक आहे त्यासच कोठें थांबावें हें कळतें. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, मेथीच्या कोंवळ्या वाफ्यावर अळी ठेवूं नये; पण अंगणांतील कढीलिंब चांगला वाढलेला असेल, तर त्याची एक फांदी फुलपांखरासाठीं खुशाल सोडावी.