चौदा आणे

हापूस झाडावरून कधी उतरवायचा, याचे उत्तर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही वाडीत एकच मिळते: चौदा आणे झाला की. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. आंब्याच्या कलमाखाली मात्र ते अजून चालतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पुरते पिकलेले फळ. चौदा म्हणजे त्याच्या थोडे अलीकडचे, हिरवे, कडक, वास न आलेले. आता साधी शंका अशी की सोळा आणे मिळत असताना चौदावर समाधान का मानायचे?

बाजार हे त्याचे एक उत्तर आहे. पिकलेले फळ वाशीच्या मंडईपर्यंत टिकत नाही. पण नागाव, चौल, दिवेआगर इथल्या कित्येक घरांमागे हापूसची दोन-चार कलमेच असतात. त्यांची फळे घरात, शेजारात आणि मुंबईच्या नातेवाइकांत संपतात. तिथे पेटीचा भाव गाठायचा नसतो, तरी जाणती माणसे फळ चौदा आण्यांनाच उतरवतात. तेव्हा खरे कारण फळाच्या पोटात शोधायला हवे.

आंब्याच्या आयुष्यात दोन कामे वेगवेगळ्या वेळी होतात. पहिले तयार होण्याचे. वाटाण्याएवढी कणी धरल्यापासून साधारण साडेतीन-चार महिने फळ झाडाकडून घेत राहते. पानांनी उन्हात केलेली साखर देठातून फळात येते आणि तिथे बरीचशी पिठाच्या रूपाने साठते. कच्ची कैरी चावली की दातांना जो पिठूळपणा लागतो, तो हा साठा. दुसरे काम पिकण्याचे. त्यात पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ होतो, केशरी रंग आणि वास येतो. पहिल्या कामाला झाड लागतेच. दुसरे काम फळ एकट्याने करू शकते. त्यासाठी लागणारा इथिलीन वायूही ते स्वतःच तयार करते. चुलीवरचा भात एक कणी राखून उतरवला, तरी झाकणाखालच्या वाफेवर तो पुरा होतो. मात्र कणी किती राखायची, हे कळावे लागते.

चौदा आणे म्हणजे ही राखलेली कणी. पहिले काम संपले आहे आणि दुसरे अजून सुरू झालेले नाही, अशी ती वेळ. उतरवणाऱ्याला फळ पिकले का, हे पाहायचेच नसते. आता झाडावाचून त्याचे चालेल का, एवढेच त्याला ठरवायचे असते.

असे पाहिले की लवकर उतरवण्यातला तोटा लगेच ध्यानात येतो. देठ तुटला त्या क्षणी साठा मोजून झाला. त्यानंतर पिठाची साखर होईल, पण नवे पीठ येणार नाही. दहा आण्यांचे फळ पिकायला पेंढ्याच्या आढीत घातले तर त्याची साल सुरकुतते, रंग कसाबसा येतो, गर आंबट राहतो. हे अपुरेपण कॅल्शियम कार्बाइडने झाकता येते, म्हणूनच काही व्यापाऱ्यांना त्याचा मोह होतो. कार्बाइडने पिवळेपणा येतो, गोडी येत नाही. शिवाय ते आरोग्याला घातक असल्याने फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. तोही तयार फळालाच उपयोगी पडतो. जे पीठ साठलेच नाही त्याची साखर तो करणार कशी? ऑस्ट्रेलियातले आंबा बागायतदार तोडणीआधी फळातल्या कोरड्या द्रव्याचे प्रमाण मोजतात आणि त्यावरून दिवस ठरवतात. मोजण्याचे साधन वेगळे, पण पाहतात तेही साठाच.

उशीर केला तर काय होते, हे समजणे जास्त अवघड आहे. झाडावर फळ आणखी आठवडाभर राहिले तर ते अधिकच गोड होईल, असे कोणालाही वाटेल. शेंड्याजवळचा एखादा झाडावरच पिकलेला, पाडाचा आंबा खाल्लेल्याला तर ते शपथेवर खरे वाटेल. पण हापूसला साक्याची खोड आहे. वरून फळ निर्दोष दिसते. कापल्यावर आत बाठ्याभोवतीचा गर पांढुरका, भुसभुशीत आणि आंबूस निघतो. फळ जास्त तयार होऊ दिले तर साक्याचे प्रमाण वाढते, हा बागायतदारांचा जुना अनुभव आहे. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या संशोधनाने त्याचा एक उलगडा पुढे ठेवला. फळ झाडावर असतानाच आतल्या बीमध्ये रुजण्याची हालचाल सुरू होते आणि गराचे पाणी व साठा तिकडे ओढला जाऊ लागतो. आपण ज्याला फळ म्हणतो, ते झाडाच्या हिशेबी बीची शिदोरी आहे. आपण वाट पाहत असतो गोडीची. बी वाट पाहत असते रुजण्याची.

साका केवळ उशिरामुळेच होतो असे नाही. तापलेल्या जमिनीची धगही त्याला कारण होते, म्हणून कलमाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली, ती साका नसलेली. पण ज्याच्या दारात हापूसच आहे, त्याच्या हाती मुख्य उपाय उरतो तो वेळेचा.

ती वेळ ओळखायची कशी? फळ स्वतः बऱ्याच खुणा देते. कोवळेपणी देठाकडून उतरते असलेले खांदे भरून वर येतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. गर्द हिरवा रंग फिकट होतो, सालीवरचे ठिपके उठून दिसतात, पांढुरकी झाक येते. बाठा कठीण होतो. एक फळ कापून पाहिले तर बाठ्यालगतचा गर पांढरा न राहता पिवळसर झालेला असतो. बादलीभर पाण्यात कोवळे फळ तरंगते, तयार फळ बुडते. आणि सर्वांत जुनी खूण पाडाची: झाडावर आपोआप पिकलेले पहिले फळ सापडले की त्याच्या बरोबरीची फळे तयार झाली असे धरतात.

‘त्याच्या बरोबरीची’ हे शब्द मात्र सोडून चालत नाही. हापूसचा मोहोर एकाच वेळी येत नाही. थंडीच्या लाटांप्रमाणे तो दोन-तीन हप्त्यांत फुटतो, त्यामुळे एकाच कलमावर निरनिराळ्या वयांची फळे लोंबत असतात. गडी आला आहे, शिडी लागली आहे, तर सगळेच झाड आज उतरवून टाकू, हा विचार सोयीचा असला तरी तो फळांना सरासरीने मोजतो. चौदा आणे फळाचे असतात, झाडाचे नसतात. घरच्या कलमाचा मोठा फायदा हाच, की दोन-तीन वेळा फळे उतरवायचा झेला घेऊन फिरता येते. मग देठ चार-पाच सेंटिमीटर ठेवून फळ कापायचे, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत, आणि पेंढ्याच्या आढीत लावायचे. पेंढा ऊब धरतो, फळाचा स्वतःचा इथिलीन धरतो, आणि आठ-दहा दिवसांत बाकीचे काम उरकते.

एवढे सगळे जमले तरी रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक घटक मध्ये येतो. देवगड-रत्नागिरीच्या मागून इथला हापूस येतो. त्याचा भर एप्रिलअखेर आणि मे महिन्यात असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात. म्हणजे दक्षिणेकडच्या बागेला मिळणारी सवड इथे मिळत नाही. १७ मे २०२१च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडावरचा आंबा जमिनीवर आला. त्याआधी ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आदळले, त्यात तर झाडेच मुळासकट गेली. वादळाची सूचना आल्यावर बारा आण्यांचे फळ उतरवावे लागते आणि त्यात काही चूक नाही. उरलेल्या आण्यांची आशा धरून सोळाही घालवण्यापेक्षा ते बरे. बाराचे लोणचे होते, साखरांबा होतो. आढीचा हट्ट तेवढा सोडायचा.

हा नियम वाडीतल्या प्रत्येक झाडाला लावता येत नाही, हेही पाहिले पाहिजे. नारळ सहा-सात महिन्यांचा असताना शहाळे, अकरा-बारा महिन्यांचा झाला की खोबरे. दोन्ही वेळा योग्य. हवे काय, त्यावर ठरते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नारिंगी पिकू देऊन सालासकट उन्हात वाळवतात. कर्नाटकच्या मलनाडात सुपारी हिरवी असतानाच उतरवून, सोलून, उकळून लाल करतात. सुपारी झाडावरून उतरल्यावर स्वतःच्या बळावर पिकत नाही, तिच्यावर पुढचे संस्कार माणूस करतो. तिथे झाडाकडून काय घ्यायचे आणि आपण काय करायचे, ही वाटणी वेगळी आहे. आंब्यात माणसाला पिकवण्याचे श्रेय फारसे घेता येत नाही. त्याच्याकडे एकच निर्णय आहे, आणि तो बरोबर होता की नाही हे आठ-दहा दिवसांनी आढी उघडल्यावरच कळते. म्हणून दरवर्षी पहिल्या हप्त्यातली चार-पाच फळेच आधी उतरवून पाहणारा माणूस शहाणा. त्यांच्या चवीवरून तो पुढच्या हप्त्याचे आणे ठरवतो.

पूर्ण व्हावे म्हणून थांबणे हा गुण आपण उगाच सरसकट मानतो. हापूसच्या बाबतीत थांबण्याला सीमा आहे, आणि ती झाडाची देणगी जिथे संपते तिथे आहे. शेवटचे दोन आणे फळाकडून घ्यायचे असतात. ते झाडाकडे मागत बसले, तर बऱ्याचदा बाठाच ते घेऊन जातो.