माऊस कुणाच्या हातात?

बसा खाली. काल करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान झालं आणि आज निम्म्या वर्गाला ‘एआय’ करायचंय. त्यात नेमकं काय, विचारलं तर एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना. परवापर्यंत हीच टाळकी नीटसाठी लातूरला निघाली होती. केजच्या स्टँडवर फ्लेक्स बदलला की तुमचं आयुष्य बदलतं का रे?

तुमच्या थोरल्या भावंडांसाठी 2016 ला दहावीची कल चाचणी सुरू झाली. कल तांत्रिक निघाला तरी पोरगं गेलं शेजाऱ्याचा मुलगा गेला तिकडंच! तुम्ही निराळं काय करताय?

संगणकाच्या तासाला एका मशीनवर तिघं. माऊस एकाच्या हातात, दुसरा हुकूम सोडणार, तिसरी पोरगी भिंतीला टेकून बघणार. वर्षाअखेरीस तीच सांगते, “सर, मला कॉम्प्युटरची आवड नाही.” हात तरी लागला होता का कीबोर्डला? आणि तू मागितलास कधी?

गेल्या महिन्यात एकीला मशीन एकटीला मिळालं. तिनं घरच्या ऊसतोडीच्या कोयत्याचा हिशेब मांडला: उचल किती, ऊस किती टन, दर काय, फिटले किती. सूत्र स्वतः बसवलं. मुकादमाचा आकडा आणि तिचा आकडा जुळेना, तेव्हा बाप चपापला. आणि अकरावीला काय घेणार म्हणालं, तर “मैत्रीण घेईल ते.” डोकं ठिकाणावर आहे का?

काहींना आयटी हवाय, कारण हिंदी टळते. काहींना गणित सोडायचंय आणि पुढं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही हवंय. अरे, तिथं गणित आणि भौतिकशास्त्राशिवाय दारातही उभं करत नाहीत! ‘बीसीएला कुणीही घेतं’ म्हणणाऱ्या शहाण्यांनो, 2024 पासून त्यालाही सीईटी आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा 3 वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआयला 1 वर्षाचा कोपा हा संगणकाचा ट्रेड आहे. काल पाहुण्यांना हे एकानं तरी विचारलं? सेल्फीला मात्र झुंबड!

उद्यापासून दर दहा मिनिटांनी माऊस पुढच्याकडं जाईल. जो देणार नाही, तो तास संपेपर्यंत उभा राहील. सोमवारी प्रत्येकानं निवडलेली शाखा आणि तिचं कारण लिहून आणायचं. ‘स्कोप आहे’ लिहिलेला कागद मी वाचणारच नाही.

काढा वह्या.