भीतीचे आमंत्रण

भुताची गोष्ट सांगणारा माणूस गोष्टीला एकदम हात घालीत नाही. तो आधी आवाज उतरवतो, कंदिलाची वात थोडी खाली करतो, मागच्या दाराकडे एकवार पाहून घेतो आणि मग म्हणतो, "ऐकायचं असेल तर मध्येच उठून जायचं नाही, बरं का!" गोष्ट अजून सुरू झालेली नसते, पण भीती सुरू झालेली असते. ह्या पूर्वतयारीलाच बाजारात जाहिरात म्हणतात. भीतीचे आमंत्रण देताना माणसाने किती खरे बोलावे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

दिव्यांच्या सणात हा अंधाराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ह्या सणातला एक दिवस तर नरकासुराच्याच नावाने ओळखला जातो! आणि आमच्या सुलतानपुरापासून जवळच असलेल्या लोणारला विष्णूचे जे सुंदर देऊळ आहे, ते दैत्यसूदनाचे. लवणासुराची कथा नसती तर त्या देवाला हे नाव कोठून मिळाले असते? भय आणि उत्सव ह्यांचे आपल्याकडे जुने शेजारपण आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी. हल्ली खिशातल्या फोनवर चित्रपट निघतो. ह्या मुलांनी एका पडक्या वाड्यात रात्री जागून दहाबारा मिनिटांचा एक भयपट तयार केला. चित्रपट बरा उतरला होता. मग पोस्टर, फोनवर फिरवायची झलक आणि निमंत्रणपत्रिका ह्यांची जुळवाजुळव सुरू झाली. एका कागदावर रक्ताळलेली कवटी, दुसऱ्यावर चांदण्यातला राजवाडा, तिसऱ्यावर दात विचकणारी बाहुली. चित्रपटात कवटी नाही, राजवाडा नाही आणि बाहुली तर नाहीच नाही. नावसुद्धा तीन ठिकाणी तीन वळणांच्या अक्षरांत. "सर, ह्यातलं कोणतं जास्त भीतीदायक वाटतं?" असे त्यांनी विचारले.

एकसारखेपणा कशासाठी हवा, हे आपल्याला वासुदेव शिकवतो. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या. पहाटे नुसता आवाज आला तरी अंथरुणात पडलेल्या पोराला कळते की दारात कोण आले. पोस्टर माणूस पाहतो एस.टी. स्टँडवर, झलक पाहतो रात्री जेवणानंतर आणि पत्रिका हाती पडते चार दिवसांनी. ह्या तीन वेळांना सांधणारा धागा एकच, प्रेक्षकाची स्मृती. अक्षराचे वळण एक, रंग दोनच, वस्तू एकच, असे असले म्हणजे तो धागा तुटत नाही. आणि ती वस्तू बाहेरून आणायची नसते, चित्रपटातच शोधायची असते. १९३४ साली 'अमृतमंथन'मध्ये शांतारामबापूंनी चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर दाखवला. त्या डोळ्यात अख्ख्या चित्राची दहशत मावली होती. कवट्यांची रास तेथे लागली नाही.

शांतारामबापू ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडे हा मेळ आपोआपच बसत असे. ते मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारे त्यांचे हातच चित्रपटाकडे वळले आणि १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'सारख्या चित्रांची भित्तिपत्रकेही त्यांनीच काढली. त्यांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री'त कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला होता की सरकारने तो कापायला लावला. ज्याच्या मनात चित्र जन्मले त्याच्याच मनात पत्रक जन्मले, म्हणजे दोहोंत भांडण उरत नाही.

पण मेळ बसला म्हणजे सारे झाले काय? दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर तीन आणे! मी पडलो शाळामास्तर. गणित मांडून पाहिल्यावाचून राहवले नाही. चित्रपटाच्या पट्टीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले की साडेतीन हजार फुटांच्या थोडे पुढे जाते. मैल मात्र ५,२८० फुटांचा. म्हणजे दोन मैल सोडाच, एक मैलही भरत नाही! तरीही ह्या अतिशयोक्तीचा राग येत नाही. प्रेक्षकाला हरिश्चंद्र पाहायचा होता, तो त्याने पाहिला. लांबी मोजायला कोणी फूटपट्टी नेली नव्हती. कोणाचे काही हिरावले गेले नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण घ्या. १९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा भयपट आला. चित्रपट काढायला जंगलात गेलेली तीन तरुण मुले नाहीशी होतात, अशी ती गोष्ट. जाहिरात करणाऱ्यांनी ती गोष्ट म्हणून सांगितलीच नाही. ही मुले खरोखर हरवली आहेत, अशी पत्रके वाटली. संगणकाच्या जाळ्यावर तशीच माहिती ठेवली. दूरदर्शनवर तसाच कार्यक्रम दाखवला. सगळे एकसारखे, कोठे एक टाका उसवलेला नाही. परिणाम असा झाला की त्यातल्या अभिनेत्रीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रे येऊ लागली. मुलगी धडधाकट, आणि आईच्या हाती दुखवट्याची पत्रे! येथे फूटपट्टीचा प्रश्न नव्हता, एका आईच्या काळजाचा होता.

तेव्हा एकसारखेपणा हा स्वतः सद्‌गुण नव्हे. पढवून आणलेला साक्षीदारही एकसारखेच बोलतो. जाहिरातीचे तुकडे परस्परांशी जुळतात की नाही हा कारागिरीचा प्रश्न झाला. ते चित्राशी, आणि चित्राबाहेरच्या जगाशी जुळतात की नाही, हा नीतीचा प्रश्न.

कोणी म्हणेल, आजीदेखील "अगदी खरं घडलेलं हं!" असे सांगूनच गोष्ट रंगवीत असे, तीही खोटारडी म्हणायची काय? मला वाटते, नाही. आजीच्या खोटेपणाला तिच्या मांडीची हद्द होती. मूल घाबरले की पदर होताच. पोस्टरला मांडी नसते. ते भिंतीवर लावून लावणारा निघून जातो. कोण पाहून घाबरले आणि त्या भीतीचे पुढे काय केले, हे तो पाहायला थांबत नाही.

मुलांनी चौथा कागद मागे ठेवला होता. त्यावर पिंजारलेल्या केसांची, पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी होती, आणि खाली ओळ होती : 'सत्य घटनेवर आधारित'. ही म्हातारी गल्लीतलीच एक आजी. हौसेने तिने काम केले होते. चित्रपटाच्या शेवटी कळते ते असे, की ज्या बाईला सगळे भितात ती रोज रात्री पडक्या वाड्याच्या कोनाड्यात पणती लावते, वाट चुकलेल्याला उजेड दिसावा म्हणून. आजीने तो कागद पाहिला आणि हसतच म्हणाली, "आता मले पाहून लेकरं दारात येतीन का रे?"

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला. चित्रपटात तिला गोष्ट आहे, कारण आहे, शेवटी न्यायही आहे. भिंतीवर तिला फक्त चेहरा आहे. ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याच्या लेखी ती हडळच. त्यात 'सत्य घटना' हे शब्द! एकट्या राहणाऱ्या बाईवर करणीचा आळ घ्यायला माणसांना एवढेही निमित्त लागत नाही. असा आळ घेऊन कोणाचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राला २०१३ साली उगाच करावा लागला नाही.

"पण सर, ह्याशिवाय बघायला येणार कोण?" हा मुलांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गर्दीच्या बाजारात खालच्या आवाजात बोलणाऱ्याकडे कोण वळतो? तथापि झाकणे आणि फसवणे ह्यांत अंतर आहे, आणि भयपटाला झाकण्याची पूर्ण मुभा आहे. १९६० साली 'सायको'च्या वेळी हिचकॉकने जाहिरातींतून आणि थिएटरांच्या दारांवरून एक अट ठामपणे सांगितली : चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडले जाणार नाही. अट अक्षरशः खरी होती, सगळीकडे तीच होती, आणि रहस्य तर शाबूत राहिले. बंद दारानेच लोकांना ओढले. राही अनिल बर्वे ह्यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा त्याने बेताचीच कमाई केली. २०२४ साली तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त केली. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो पाहिला त्यांनीच इतरांना सांगितले होते. जो फसला असता तो बोलावायला गेला नसता.

आणि खरे आश्चर्य आमच्या भागात थोडे का आहे? २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की ही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची करणी. कारण कळले म्हणून ते दृश्य कमी अद्‌भुत झाले नाही. उलट पुन्हा पाहावेसे वाटले. सत्याने अद्‌भुत मरत नाही, एवढा भरवसा कलावंताला हवा.

त्या चित्रपटाच्या पोस्टरवर काय असावे, हे मग सांगावे लागले नाही. काळी भिंत, कोनाडा आणि पणती. ती पणती झलकेत आहे, पत्रिकेत आहे आणि चित्रपटात आहे. ती कोणी लावली, हे मात्र कोठेच सांगितलेले नाही.

भ्यायला राजी होऊन जो आपल्या दारात येतो, तो मोठा विश्वास ठेवून येतो. अंधाऱ्या खोलीत अनोळखी माणसाच्या हाती तो आपले मन देतो. त्याला दचकवावे, त्याचा घाम काढावा, त्यासाठीच तर तो आला आहे. पण तो पाहुणा आहे, सावज नव्हे. दिवाळीत दार उघडे ठेवणाऱ्या आपल्या घरांना हा फरक समजावून सांगायला नको.