पाळायचा मजकूर, पडताळायचा मजकूर

प्रौढ साक्षरतेचा वर्ग असो की कामाच्या जागेवरचे शिक्षण, कशाच्या आधारे शिकवायचे हा प्रश्न नेहमीच मागच्या बाकावर बसवला गेला. हल्ली तर तो सुटल्यातच जमा धरला जातो. केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झाला, २०२३ पासून तो ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि प्रवेशिका, चित्रफिती, सराव असे सगळे मोबाइलवर आले. तेव्हापासून चर्चेचा सूर ठरून गेला आहे: साहित्य भरपूर आहे, ते योग्य माणसाच्या हाती पडत नाही, एवढेच. एक चांगले भांडार उभारावे, त्याची विषयवार मांडणी करावी, स्वयंसेवकाला हवे ते काढून घेऊ द्यावे. या मताला इथे भांडारवाद म्हटले आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची चूक वरवरची नाही.

पुण्याच्या पश्चिमेकडील कर्वेनगर ही या प्रश्नाची चांगली कसोटी आहे. हे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे; तिथल्या माळावर १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम आणला. तिथे शिकायला येणाऱ्या अनेकजणी शाळेचे वय उलटून गेलेल्या विधवा होत्या. याच आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले यांची अक्षरओळख विशी ओलांडल्यावर झाली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे करत इंग्रजी शिकल्या. कामाच्या जागी शिकण्याचे याहून चोख उदाहरण मराठीत शोधावे लागेल. त्याआधी १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, हे सर्वांना ठाऊकच आहे.

पुढे सरकारी प्रयत्न आले. १९७८ च्या गांधी जयंतीला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान. प्रवेशिका आणि नवसाक्षरांच्या पुस्तिका करण्यासाठी राज्य साधन केंद्रे होती. त्यांतले पुण्याचे केंद्र कर्वेनगरला लागूनच असलेल्या कोथरूडमध्ये, जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये होते. त्यानंतर आलेले ‘साक्षर भारत’ अभियान २०१८ च्या मार्चमध्ये थांबले आणि साधन केंद्रांचा आधारही त्याच सुमारास गेला. भांडारवाद्यांच्या बाजूने एवढे मान्य करायलाच हवे की तयार झालेले पुष्कळ साहित्य जपले गेले नाही, आणि ते जपायला हवे होते.

पण जपलेले साहित्य कर्वेनगरच्या वर्गात उघडल्यावर काय होते? शाळेतला ग, म, भ, न हा क्रम अक्षरांच्या वळणावर बेतलेला आहे. प्रौढांच्या प्रवेशिका ओळखीच्या शब्दांपासून सुरू होतात खऱ्या, पण काना, मात्रा, वेलांटी अशा पायऱ्या चढत जोडाक्षरे शेवटीच येतात. तीन भागांची प्रवेशिका आणि सुमारे दोनशे तास हा साक्षरता अभियानाचा हिशेब होता. आता ‘कर्वेनगर’ लिहून पाहावे: दुसऱ्याच अक्षरावर रफार, त्यावर मात्रा. शहरात कामाला जायचे तर बस स्वारगेटची किंवा डेक्कनची. दोन्ही नावांत जोडाक्षर. म्हणजे स्वतःचा पत्ता आणि रोजच्या बसची पाटी वाचायला प्रवेशिकेचा शेवटचा भाग गाठावा लागतो, आणि तिथवर वर्ग टिकला तर! आकड्यांचेही तसेच. वर्गात देवनागरी आकडे गिरवून घेतले जातात. मोबाइल, भंगारवाल्याचा वजनकाटा, विजेचा मीटर, नोटेवरचा क्रमांक यांवर मात्र इंग्रजी आकडे. शिकणाऱ्या बाईला इंग्रजी आकडे बहुधा आधीच कळत असतात, कारण फोन लावायला ते लागतात. तिला जे येते तेच तिला येत नाही असे धरून वर्ग सुरू होतो.

यावर भांडारवाद्यांचे उत्तर तयार असते: मग भांडारात अशाही गोष्टी घाला, पत्ते, बसच्या पाट्या, इंग्रजी आकडे. हे उत्तर समंजस वाटते, म्हणून ते अधिक फसवे आहे. भांडारातला मजकूर शिकवण्यासाठी लिहिलेला असतो. वाचणाऱ्याचे त्यावर काही अवलंबून नसते. आरोग्य, बचत, स्वच्छता, व्यसनमुक्ती अशा खणांत तो लागतो आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तिका वाचकाला काहीतरी करायला किंवा न करायला सांगते. पाणी उकळा, हात धुवा, खाते उघडा. यात नवसाक्षराने मान डोलावण्यापलीकडे काही करायचे उरत नाही. खणांची नावे बदलून, शोधयंत्र चांगले करून, सर्व पुस्तिका एका क्लिकवर आणून यात तसूभर फरक पडणार नाही. कारण कमतरता सापडण्याची नाही, मजकुराच्या जातीची आहे.

कामाच्या जागेवरच्या मजकुराच्या मुळात दोन जाती आहेत. एक पाळायचा मजकूर: ‘हेल्मेट घाला’, ‘ओला कचरा’, ‘धोका’, ‘आत प्रवेश बंद’. दुसरा पडताळायचा: हजेरीची नोंद, पगारपत्रक, काट्याची पावती, उचल आणि कपातीचा हिशेब. पहिल्यात मजकूर बरोबर असल्याचे गृहीत आहे आणि माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यायचे आहे. दुसऱ्यात मजकूर चुकीचा असू शकतो आणि माणूस त्याला आपल्या माहितीशी ताडून पाहतो. मालकाच्या पुढाकाराने चालणाऱ्या प्रशिक्षणात पहिली जात ओसंडून वाहते, दुसरी क्वचित येते. का, ते उघड आहे.

पाळायचा मजकूर निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. बांधकामावर तो जीव वाचवतो. मुद्दा शिकवण्याचा आहे. कवटीचे चित्र असले की ‘धोका’ वाचता आला नाही तरी चालते. डब्याचा रंग कळला की ‘ओला कचरा’ वाचायची गरज नाही. पाळायला ओळख पुरते. पडताळायला ओळख पुरत नाही. ‘सव्वीस दिवस’ आणि ‘तेवीस दिवस’ यांत फरक करायचा तर अक्षर न् अक्षर वाचावे लागते, आणि मग बेरीज करावी लागते. म्हणून पडताळायचा मजकूर केवळ न्यायाच्या दृष्टीने नव्हे, अक्षरशिक्षणाच्या दृष्टीनेही वरचढ आहे. एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने टाटा कन्सल्टन्सीने केलेली संगणकावर झटपट शब्द ओळखायला शिकवणारी पद्धत याच कारणाने पाटीपर्यंत पोचवते, पावतीपर्यंत नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांचे नाव घेऊन वर्गात जाणिवेवर चर्चा घडवणाऱ्यांना चर्चेनंतर हाती कोणता कागद द्यायचा, हे बहुधा सुचलेले नसते.

कर्व्यांच्याच परंपरेतून याचे एक उदाहरण निघाले आहे. त्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या, पुढे एसएनडीटी या नावाने ओळखल्या गेलेल्या महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरावेचकांच्या वस्त्यांत शिकवण्यासाठी जाऊ लागल्या. शिकवणे कामाच्या प्रश्नांपासून तोडता येत नाही, हे लवकरच दिसले, आणि १९९३ मध्ये, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेच्या नावातच भंगाराचे तीन प्रकार आहेत. या बायांपुढचा मजकूर पाहावा: कोणत्या मालाला किलोमागे काय भाव, काट्यावर किती भरले, दुकानदाराने किती लिहिले, आणि पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत घरोघर कचरा गोळा होऊ लागल्यावर कोणत्या घराचे महिन्याचे शुल्क आले आणि कोणाचे राहिले. सगळा पडताळायचा. ओळखपत्रावर स्वतःचे नाव बरोबर छापले आहे का, हे पाहणे हाही वाचनपाठच.

याउलट दिशेचा प्रवास श्रमिक विद्यापीठाचा. १९६७ मध्ये मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले ते कामगाराचे काम, शिक्षण आणि जगणे एकत्र धरण्यासाठी. २००० साली या संस्थांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले, २०१८ मध्ये त्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरचे प्रमाणपत्र उपयोगाचे आहेच. पण मजुरीचा कागद वाचणे सहसा कोणत्याच अभ्यासक्रमाच्या वाट्याला येत नाही.

‘उल्लास’च्या परीक्षेनेही एकत्र असलेल्या गोष्टी अशाच तोडल्या आहेत. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झालेली पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची होती: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पगारपत्रकावर या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत असतात. चाचणीत त्यांचे तुकडे झाले की वर्गातही तुकडेच शिकवले जाणार.

सर्वांत अवघड बाब घरकामाची, आणि कर्वेनगरात ती सर्वांत मोठीही आहे. इथे पडताळायला कागदच नसतो. बाईचे खाडे मालकीणबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेनाने फुली मारून ठेवतात. अलीकडे सोसायटीच्या फाटकावरचे अ‍ॅप बाईच्या येण्याजाण्याची वेळ मिनिटासकट टिपते आणि ती नोंद घरमालकाच्या फोनवर उमटते. म्हणजे हजेरीपट आहे. जिची हजेरी आहे तिच्या हातात तो नाही. अशा वर्गात शिकवण्याचे पहिले साधन तयार करावे लागते: प्रत्येकीचे स्वतःचे कॅलेंडर. त्यावर देवनागरी आकडे, वारांची नावे आणि सण असतातच. प्रत्येक घरासाठी एक खूण ठरवायची, पुढे खुणेच्या जागी आडनावाचे पहिले अक्षर, मग पूर्ण आडनाव. महिनाअखेर दिवस मोजायचे, आणि अ‍ॅपवरची नोंद मागून शेजारी ठेवायची. ही मागणी करायला शिकणे पाठाचाच भाग आहे, आणि काही घरांत ती रुचणार नाही. बांधकाम मजुराबाबतही असेच: कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तेव्हा ते नव्वद दिवस त्याच्या स्वतःच्या वहीत आधी दिसले पाहिजेत.

वर्गासाठी अशा खऱ्या कागदांचा संग्रह करताना नावे झाकावी लागतात, रकमा मात्र खऱ्या ठेवाव्या लागतात; गोल आकड्यांची नमुना पावती कोणी पडताळून पाहत नाही. नमुने दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागतात, कारण कपातींची नावे, बिलांची मांडणी आणि अ‍ॅपचा पडदा बदलत राहतो. शिवाय कर्वेनगरचा गठ्ठा इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला चालणार नाही. त्याची मजुरी पिकांवर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मोजली जाते आणि त्याला पडताळायचा असतो तो मागावरचा आकडा. इकडून तिकडे नेता येईल ती फक्त चढण: खुणेपासून अक्षराकडे, अक्षरापासून नावाकडे, नावापासून बेरजेकडे. बाकीचे त्या त्या वर्गाने आपल्या भोवतालच्या कामातून गोळा करायचे.